डावीकडून उजेड

२१ जानेवारी

प्रिय खारू,

तुझं पत्र पोचलं. तू खुशाल आहेस, तुमच्याकडे अंगाची काहिली होतेय, पंखा बिघडलाय आणि घरमालक दाद देत नाही, एवढं सगळं कळलं. आमच्याकडे थंडीनं बोटं वळत नाहीत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. बाबा ठीक आहेत. मी ठीक आहे. मोरीतला नळ गळतोय, तो सोडला तर सगळंच ठीक.

कामाचं विचारलंस. काय सांगू, नाकी नऊ आलेत. तारांगणाचा घुमट नव्यानं बांधलाय आणि त्याच्या आतून गोल फिरणारा आकाशगंगेचा अखंड पट्टा लावायचं ठरलंय. ठरवलं आमच्या संचालक मॅडमनी, गळ्यात पडलं माझ्या. लोकांना वाटतं कॅमेरा आभाळाकडे धरायचा आणि खटका दाबायचा. परवा एक शिक्षिका वर्गभर मुलं घेऊन आल्या होत्या. माझे जोडलेले तुकडे बघून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हे छान आहे हो, पण आपल्या आकाशगंगेचा बाहेरून काढलेला फोटो कुठाय? मी म्हटलं, बाई, बाहेर गेलंय कोण? आपण आतच बसलोय. ताटलीतल्या मुंगीला ताटली गोल दिसत नाही, चहूकडून नुसती कड दिसते. आपल्याला दिसतो तो पट्टा म्हणजे ती कड. मग पुस्तकातलं ते भोवऱ्यासारखं गोल चित्र? ते चित्रच असतं म्हटलं, कोणीतरी हिशेबानं काढलेलं. त्या इतक्या हिरमुसल्या की मलाच वाईट वाटलं.

आणि खरी गंमत तर तारांगणाच्या दारातच आहे. शिरल्या शिरल्या समोर भिंतभर फोटो, खाली ठळक अक्षरात ‘आपली आकाशगंगा’, आणि एका जागी बाण: ‘आपण इथे आहोत’. तो फोटो आपल्या आकाशगंगेचा नाहीच. कुठल्या तरी दूरच्या दुसऱ्याच दीर्घिकेचा आहे. शेजाऱ्याच्या बंगल्याचा फोटो लावून त्यावर आपल्या खोलीची खूण करावी, तसं झालंय. मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, इतकी वर्षं लागलाय, कोणी तक्रार केली नाही. बाबांना सांगितलं तेव्हा ते मात्र पोटभर हसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणाले.

तर आता ही कड तुकड्यातुकड्यानं गोळा करायची. कॅमेरा एका यंत्रावर बसवायचा, पृथ्वी फिरते त्याच्या उलट ते यंत्र हळूहळू सरकतं, म्हणजे तारे ठिपक्यासारखे राहतात, रेघा होत नाहीत. एका तुकड्याचे पुन्हा पुन्हा फोटो घ्यायचे आणि एकावर एक चढवायचे, तेव्हा कुठे धूसर असतं ते वर येतं. प्रत्येक तुकड्याची कड पुढच्या तुकड्यावर थोडी चढलेली हवी, म्हणजे दोन्हींत तेच तारे सापडतात आणि सांधा जुळतो. मग शहराच्या दिव्यांचा पिवळा पडदा पुसायचा, मधून गेलेल्या उपग्रहांच्या रेघा पुसायच्या. बाबांचंच स्टुडिओतलं काम करतेय म्हण ना, फक्त गिऱ्हाईक हलत नाही आणि ‘मला गोरं दाखवा’ म्हणत नाही.

सगळा पट्टा झालाय, दक्षिणेकडचा एवढा एक तुकडा सोडून. तो आमच्याकडे क्षितिजावरच्या धुरक्यातून वर येतच नाही. तिकडे दक्षिण गोलार्धात तुझ्या डोक्यावरून मात्र तो दिमाखात जातो आणि तू पंख्याचं रडगाणं गातेस.

तू विचारतेस, कधी येतेस फोटो काढायला. बघू. सध्या जमेलसं दिसत नाही. सकाळी बाबांना पेपर वाचून दाखवायचा, त्यांचं आवरायचं, मग बस गाठायची, यात दिवस कसा जातो कळत नाही.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे मी मोठ्यानं वाचलं. बाबा नेहमीप्रमाणे रेडिओ ऐकत होते. ‘तिकडचं पत्र’ आलं की रेडिओ बारीक होतो, एवढं मी सांगू शकते. तुझं नाव अजून घेत नाहीत. आणि हो, मागे तू तुझ्या स्वयंपाकघरात बसून काढलेला फोटो पाठवला होतास ना, तो अजून सापडला नाही. पाकीट आहे, फोटो नाही. जमलं तर दुसरा पाठव.

काळजी घे. नळवाला आलाय, बंद करते.

तुझी ताई


९ मार्च

खारू,

चिडलीस. चीड. जमत नसेल तर तसं सांग, बघू बघू म्हणून टोलवू नकोस, असं लिहिलंयस, ते अगदी बरोबर आहे. पण ‘बाबांच्या आड लपतेस’ हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुझा कान पिळावासा वाटला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय गं.

दुसरं, तू विचारलंस की बाबांना पेपर मी का वाचून दाखवते, पेपरला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना कधी चालायचा नाही. चष्मा मोडलाय. दुसरा करायला टाकलाय.

कामाची बातमी अशी की मॅडमना आता दम निघत नाही. घुमट उघडायची तारीख ठरवायचीय आणि माझ्या पट्ट्यात अजून काळं भगदाड आहे. त्या काल माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, उत्तरेकडचा एक तुकडा घे, आरशात धरल्यासारखा उलटा कर आणि तिथं चिकटव. तारे ते तारे, काळोख तो काळोख. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आज मी ते केलं. राग नाही आला, वाद घालायची ताकद नव्हती, एवढंच. दुपारी डबा खाल्ला, हात धुतले आणि केलं. सांधे घोटले, रंग जुळवला. इतकं बेमालूम झालं की माझं मलाच थोडा वेळ सापडेना कुठं जोडलंय ते. इथं आमच्याकडचं कोण ओळखणार? त्या आभाळाखाली राहणाऱ्यालाच कळेल. तू कधी आलीस तर कळेल का गं तुला?

फोन करत नाही म्हणून कुरकुरतेस. करेन. जरा हे एकेक मार्गी लागू दे.

ताई


३० मार्च

प्रिय खारू,

हे पत्र लिहायला बसून तीन वेळा उठले. एकदा दूध उतू गेलं म्हणून, दोनदा काही कारण नसताना. आता लिहून टाकते.

चष्मा मोडलेला नाही. बाबांना दिसत नाही.

म्हणजे अगदीच दिसत नाही असं नाही. मधलं गेलंय. जिथं नजर लावतील नेमकं तिथंच धुरकट काळं येतं, कडेकडेचं दिसतं. भिंत दिसते, भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. मी खोलीत आले हे दिसतं, माझं तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, कड राहील, मधलं परत येणार नाही, वयानं होतं असं पुष्कळांना. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या भुवयांचा एकेक केस ब्रशनं नीट केला, त्याला हे सांगायचं काम डॉक्टरांनी दोन मिनिटांत उरकलं.

कळायला मला उशीर झाला, कारण त्यांनी लपवलं. अंदाजानं वावरायचे. पेपर उघडून बसायचे, पान उलटायचे सुद्धा. एक दिवस पेपर उलटा धरलेला दिसला तेव्हा कळलं. त्यांनी त्याच दिवशी बजावलं, ‘तिला कळवायचं नाही. कीव करून आलेली मला नको.’ मी मान डोलावली. ती त्यांना दिसली नाही, मग तोंडानं हो म्हणावं लागलं.

म्हणून फोन करत नव्हते. फोनवर तू विचारतेस आणि मी गप्प झाले की तुला कळतं. कागदावर खोटं बोलायला सोपं जातं, वेळ मिळतो.

डॉक्टरांनी शिकवलं, जे बघायचं त्याच्याकडे थेट बघू नका, जरा बाजूला बघा. मला तिथंच हसू फुटलं, बाबांना वाटलं मी रडतेय. अगं, आमच्याकडे दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगतो. अंधुक असेल ते रोखून बघितलं की नाहीसं होतं, कडेनं बघितलं की दिसतं. तेव्हा आता बाबा माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतात. सवय झालीय. पहिल्यांदा वाटायचं मागे कोणी उभं आहे की काय.

आता त्या उलट्या तुकड्याचं सांगते, कारण तिथूनच हे सगळं निघालं. परवा दुपारी सुट्टी होती. भाजी निवडता निवडता गंमत म्हणून मी बाबांना सांगितलं, मॅडमनी काय करायला लावलं आणि मी ते कसं झक्क करून दिलं. वाटलं, कारागिरी ऐकून खूश होतील. त्यांनी हात पुढे करून रेडिओ बंद केला.

‘उलटा केलास?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, कोणाला कळतंय. ते उठले, भिंत चाचपत आत गेले आणि ब्रशांचा खण उघडून तळातनं एक फोटो घेऊन आले. माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसून राहिले.

तू गेल्याच्या पुढच्या वर्षी काढलेला आमचा तिघांचा फोटो तुला ठाऊक नसेल. आई खुर्चीत, बाबा मागे, मी आईच्या बाजूला. दुसऱ्या बाजूला मोकळी जागा. त्या वेळी आईनं टोमणा मारला होता की एवढी जागा कोणासाठी सोडलीत, आणि बाबा म्हणाले होते, चौकट तशी आहे. तोच फोटो. पण त्या मोकळ्या जागेत तू आहेस. केस वर बांधलेली, त्या हरवलेल्या स्वयंपाकघराच्या फोटोतली तू. पाकिटातून काढून घेतला होता त्यांनी. त्याची निगेटिव्ह केली, मोठी करून छापली, तुला कापून चिकटवलं, कडा ब्रशनं बुजवल्या. आयुष्यातलं शेवटचं काम. मधलं दिसायचं तेव्हाच बंद होत आलं होतं, तेव्हा तिरकं बघत केलंय. तुझा खांदा आईच्या पदरावर जरा चढलाय. बाकी हात तोच.

पण तुझ्यावरचा उजेड उजवीकडून आहे आणि आम्हा तिघांवरचा डावीकडून. असली चूक शिकाऊ माणूससुद्धा करत नाही. मी म्हटलं, बाबा, निगेटिव्ह उलटी घातली असतीत तर उजेड जुळला असता.

‘जुळला असता. मग तिचा तीळ दुसऱ्या गालावर गेला असता.’ म्हणाले, ‘तो कोणा दुसरीचा फोटो झाला असता.’

खारू, मी तिथंच भाजीच्या ताटावर रडले. हे तुझ्याबद्दलचं रडणं नव्हतं, खरं सांगते. मी दमलेय. खूप दमलेय. सकाळी त्यांच्या कपात चहा ओतताना भरला, भरला, म्हणून सांगायचं, टूथपेस्ट ब्रशवर लावून द्यायची, दिवसभर पडद्यावर ठिपके जुळवायचे, संध्याकाळी येऊन त्यांनी कुठं ठेच खाल्ली ते बघायचं, आणि वर तुला ‘सगळं ठीक’ लिहायचं. तुझा मला राग येतो. बाबांनी स्टुडिओ चालवायचं शिकवलं तुला, कारण हात तुझा चांगला होता. गेलीसही तू. ‘गेलीस तर माझ्या भिंतीवर तुझा फोटो राहणार नाही’ असं ते म्हणाले आणि ‘मग रिकामी भिंत बघा’ असं तू म्हणालीस, तेव्हा मधे बॅग धरून उभी होते मी. तेव्हापासून तुम्ही दोघं मानी आणि मी निरोप्या. आई गेली तेव्हाही तू वेळेत पोचू शकली नाहीस, त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही, आणि बाबांना तर बोलूच दिलं नाही. पुरे झालं आता.

तो उलटा तुकडा मी काढून टाकला. मॅडमना सांगितलं, तिथं खरं लागेल किंवा काळं राहील. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी आजवर त्यांना कधी नाही म्हटलेलं नाही ना. मग म्हणाल्या, जूनअखेरपर्यंत थांबते, त्यापुढे मला विचारू नकोस. जाताना दारातल्या त्या बाणाचं पण बोलून घेतलं. चिडल्या, पण बाण उतरवला. फोटो आहे अजून, नाव बदललंय.

तेव्हा मला तुझ्याकडे यायचंय. मे महिन्यातल्या अमावास्येच्या आधी आठवडा आणि नंतर आठवडा, म्हणजे चंद्राची अडचण नको. तुझ्या गच्चीवरून चालणार नाही, शहरापासून लांब जावं लागेल, ते मी बघेन. मला फक्त तुझ्या घराची किल्ली हवी. तुझा तो बिघडलेला पंखासुद्धा चालेल.

आणि त्या दिवसांत तू इथं यायचंस. हे विचारत नाहीये. बाबांना एकटं सोडता येत नाही, परक्या बाईच्या हातचं ते घोटभर पाणी घेणार नाहीत, आणि तुझ्याशिवाय दुसरं कोणी मला नाही. तू म्हणशील, ते मला घरात घेणार नाहीत. मलाही तसंच वाटायचं. पण काल मी हे पत्र लिहायला घेतलं तर कागदाचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, तिकडं लिहितेस? मी हो म्हटलं. तर म्हणाले, ‘तिला लिही, एक नवा फोटो पाठव म्हणावं. उजेड डावीकडून घे म्हणावं.’

मी विचारलं, चिकटवणार कोण? ‘तू चिकटवशील. मी कडेनं बघून सांगेन.’ आणि कशाला हवाय ते लिहू का? ‘ते नको लिहूस.’

तर ते मी लिहिलंय. घरातल्या घरात एवढी वर्षं मी सगळ्यांच्या कडा बुजवत आले, आता हा एक सांधा तुम्ही दोघं जुळवा. चहा कपात अर्धाच ओत. त्यांच्या वस्तूंची जागा हलवू नकोस. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी हात धर, पण धरलाय असं दाखवू नकोस. डोळ्यांबद्दल पहिल्या दिवशी काही विचारू नकोस, दुसऱ्या दिवशी ते स्वतःच सांगतील आणि डॉक्टरांना शिव्या देतील.

फोटो पाठवू नकोस. तू ये. आलीस की त्यांच्या अगदी समोर बसू नकोस, तिथं त्यांना काही दिसत नाही. खिडकी त्यांच्या डाव्या हाताला आहे, तिच्याजवळ स्टूल ठेवते. त्यावर बस आणि ते दुसरीकडे बघताहेत असं वाटलं तर रागावून उठू नकोस. ते तुलाच बघत असतील.

वाट बघतेय,
ताई